बेचाळीस चौकोन

आमच्याकडे येणाऱ्या बाळासाठी आधीपासून काही करत नसत. टोपडं नाही, झबलं नाही, दुपट्यासाठी साधं कापडही फाडायचं नाही. बाळ जन्माला यायचं, रडायचं, आजीच्या मांडीवर यायचं, आणि मग ट्रंकेतून जुन्या धुवट साड्या निघायच्या. नवं कापड अंगाला लागायचं ते बारशाला. हा नियम आईने आम्हाला कधी समोर बसवून सांगितला नव्हता. बाहेरून आल्यावर पाय धुवायचे, तसाच तोही होता. वहिनीला दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यात दादा फरीदाबादहून, त्याच्या कारखान्यातून, येताना एक खुळखुळा घेऊन आला. आईने तो त्याच्या हातून काढून घेतला, जिन्यात खेळणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या पोराला देऊन टाकला आणि "आधी येऊ दे" एवढंच म्हणून पोळ्या लाटायला गेली. दादाचा चेहरा पडला. मला हसू आलं. मी सतरा वर्षांची होते आणि घरातल्या प्रत्येक नियमाचं मला हसू यायचं.

मयूर विहारमधला आमचा फ्लॅट तेव्हा नवाकोरा होता. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती, आणि पहाडगंजच्या दोन अंधाऱ्या खोल्यांमधून आम्ही एकदम यमुनेपलीकडे, उजेडात येऊन पडलो होतो. भिंतींना अजून चुन्याचा वास होता, आणि आजूबाजूला इतकं बांधकाम चालू होतं, की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. माझी मराठी शाळा मात्र पहाडगंजातच राहिली. बारावीचं एकच वर्ष उरलं होतं, म्हणून बाबांनी ती बदलली नाही. सकाळी बाथरूममधून बाबांचं मोठ्याने चाललेलं स्तोत्र, कुकरच्या शिट्ट्या, खालून "मटर ले लो, गोभी ले लो" अशी हाक, आणि या सगळ्यावर आईचा आवाज, "अहो, चार्टर्ड बस निघून जाईल." बस रोज सव्वाआठला कोपऱ्यावर यायची, आणि बाबा रोज आठ वाजून चौदा मिनिटांनी घरातून निघायचे. त्यांची बस कधीच चुकली नाही, आणि आईची काळजीही कधी कमी झाली नाही.

आईला दिल्लीत येऊन वीस वर्षं होत आली होती, पण इथलं काही बरं आहे असं ती फक्त हिवाळ्यातच कबूल करायची. लाल गाजरं, कोवळे मटार, जुडीला मातीचा वास असलेली मेथी. मटारची उसळ, मटारचे पोहे, मटारभात, अगदी मटारची करंजीसुद्धा. बाबा म्हणायचे, "आता चहात घाल." त्या वर्षी हे सगळं वहिनीच्या नावाने चाललं होतं. वहिनी सांगलीजवळच्या एका गावची. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. घरी वडील आणि एक भाऊ. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी होण्याचा प्रश्न नव्हता, आणि एवढा लांबचा रेल्वेप्रवास डॉक्टरांनीही नको म्हटलं होतं. मग सासूचं आणि आईचं अशी दोन्ही कामं आईने अंगावर घेतली आणि जरा जास्तच मनावर घेतली. वहिनी खोकली तरी हळदीचं दूध उकळायला लागायचं. वहिनी बिचारी स्वभावाने गरीब. दोन स्वेटर, दादाचे मोजे आणि वर शाल अशी गुंडाळून बसायची आणि म्हणायची, "मंजू, ही थंडी कपड्यातून येत नाही गं, जमिनीतून येते."

या थंडीवर दिल्लीकरांचं एकच औषध, ते म्हणजे दुपारचं ऊन. अकरा-साडेअकराला धुकं विरलं, की सोसायटीतल्या सगळ्या बायका गच्चीवर. चटया, वेताचे मोढे, संत्री, शेंगा, सोलायचे मटार आणि प्रत्येकीच्या पिशवीत लोकर. मी इतक्या बायका इतक्या सुया एकदम चालवताना नंतर कुठे पाहिल्या नाहीत. तिथे जुना स्वेटर कधी टाकून देत नसत. तो उसवायचा, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, तिच्या लडी धुवून ओल्याच टांगायच्या, म्हणजे वेटोळं सरळ होतं, आणि त्यातून दुसरं काही विणायचं. नवऱ्याचा स्वेटर दोन वर्षांनी मुलाच्या अंगात आणि आणखी तीन वर्षांनी टोपी होऊन धाकट्याच्या डोक्यावर. या सगळ्यांच्या प्रमुख होत्या तळमजल्यावरच्या सेठी आंटी. भरदार बांधा, मोठा आवाज. कुणाच्या घरी काय शिजलंय हे त्यांना वासावरून कळायचं. त्यांच्या हातात दोन सुया नसत. एकच, पुढे आकडा असलेली, क्रोशाची.

माझी परीक्षेच्या तयारीची सुट्टी अजून लागायची होती, पण शनिवारी-रविवारी मी पुस्तक घेऊन गच्चीवर जायचे आणि पुस्तक उघडायचे नाही. अशाच एका दुपारी, दिवाळी होऊन गेल्यावर, सेठी आंटींनी मला गाठलं. "बुआ बनने वाली है, और खाली हाथ बैठी है?" म्हणाल्या. "जाड़े का बच्चा है, कुछ तो बना ले." मी म्हटलं, "आंटी, हमारे यहाँ पहले से नहीं बनाते." त्यांनी सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. "ले. तो बच्चा ठंड में आएगा, और बुआ उसके बाद ऊन ख़रीदने जाएगी?" ऊन म्हणजे त्यांची लोकर. आजूबाजूच्या चार जणी हसल्या. आज वाटतं, त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या 'बुआ', म्हणजे आत्या, या शब्दाने मी पाघळले. तोवर मला कुणी कशातच मोठं मानलं नव्हतं. मी त्याच दुपारी सुई हातात घेतली आणि आईला सांगितलं, की आंटींच्या नातीसाठी पांघरूण करायला मदत करतेय. आईने मान डोलावली. खोटं इतक्या सहज खपेल, याची मला कल्पना नव्हती.

लोकर मी पहाडगंजातून आणायचे. शाळा सुटली की मागच्या गल्लीतल्या घाऊक दुकानांत. तिथे लोकर वजनावर मिळायची आणि उरलेल्या रंगांच्या लडींचा ढीग दाराशीच असायचा. मोरपंखी, लिंबू, राणी, मेंदी, जांभळा, पेरूच्या आतला गुलाबी. थोडा थोडा प्रत्येकातला. आंटींनी शिकवलेला चौकोन अगदी सोपा होता. मधे चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, पुंजके, चारही कोपऱ्यांत दोन-दोन पुंजके एकाच भोकात, म्हणजे कोपरा आपोआप वळतो. प्रत्येक फेरीला नवा रंग. परवा माझ्या नातीने मोबाईलवर असाच चौकोन दाखवून "आजी, याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात" असं मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, "अच्छा, असं का." तिला शिकवण्याचं समाधान मिळावं म्हणून तेवढ्यावरच थांबले.

सोपा असला तरी माझा चौकोन काही धड होईना. हात घट्ट. मी धागा असा आवळून धरायचे, की चौकोन वाटीसारखा फुगायचा आणि आंटींच्या चौकोनाशेजारी ठेवला तर दोन बोटं कमी भरायचा. आंटी म्हणायच्या, "ढीला छोड़, बेटा, ऊन भाग नहीं जाएगी." मी सैल सोडला, की भोकंच भोकं पडायची. वीसेक चौकोन झाले तेव्हा त्यांतले दोनसुद्धा एका मापाचे नव्हते. ते मी आंटींच्या घरी, त्यांच्या शिवणाच्या मशीनखालच्या पिशवीत ठेवत होते.

वहिनीला कळलं ते याच घट्ट हातामुळे. आई दुपारची झोपली होती. मी गच्चीच्या कोपऱ्यात पाठ करून बसले होते आणि एका कोपऱ्याशी झगडत होते. मागून कुणीतरी वाकून म्हणालं, "करंगळीला एक वेढा दे. मग ओढायचं नाही, नुसतं जाऊ द्यायचं." वहिनीला सातवा लागला होता, जिने चढून तिला धाप लागली होती. मी घाईघाईने चौकोन ओढणीखाली लपवला. ती माझ्या शेजारी, हात टेकत टेकत, खाली बसली.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

"आंटींच्या नातीसाठी."

"आंटींची नात आठ वर्षांची आहे, मंजू."

वहिनी थोडा वेळ लोकरीच्या गुंड्यांकडे बघत राहिली. एकेक उचलून गालाला लावून पाहत होती. मग म्हणाली, "आईंना माहीत आहे?" मी नकारार्थी मान हलवली. मला वाटलं, आता ती उठून जाईल, आणि ते बरोबरच होईल. पण तिने माझ्या हातून सुई घेतली. माहेरी ती तोरणं आणि रुमाल करायची म्हणे, बारीक सुती दोऱ्याचे. लोकर तिने कधी हाती धरली नव्हती, पण हात असा चालायला लागला, की बघत राहावं. एकसारखे, मऊ, सपाट पुंजके. "माझी आई असती तर तिने काहीतरी केलं असतं," ती मान वर न करता म्हणाली. "नियम असता तरी केलं असतं. लपून केलं असतं."

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून. ती जास्त करत नसे, जिने चढवत नसत तिला रोज. पण जेव्हा यायची तेव्हा एक पुरा करूनच खाली जायची. हे प्रकरण लिहायला घेण्याआधी मी वहिनीला फोन केला होता. आता तीही सत्तरीला आली आहे. म्हटलं, "लिहू का?" ती म्हणाली, "लिही. पण नीट लिही. माझे चौकोन नऊ होते. मागे तू कुणाला तरी सात सांगितलंस." तेव्हा नऊ. बाकीचे तेहेतीस माझे, आणि त्यातल्या निम्म्यांचं माप विचारू नये.

संक्रांतीपर्यंत बेचाळीस झाले. आंटींनी दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याखाली इस्त्री फिरवून ते जरा ताळ्यावर आणले. जोडायला कुठला रंग, यावर गच्चीवर मोठी चर्चा झाली. आंटी म्हणाल्या काळा, नज़र नहीं लगेगी. वहिनी म्हणाली सायीचा. वहिनीचं चाललं. सायीच्या रंगात सगळे चौकोन मुक्या खांबाने, म्हणजे सगळ्यांत बुटक्या टाक्याने, एकमेकांना जोडले, सहा आडवे आणि सात उभे, आणि पहिल्यांदा ते अख्खं चटईवर पसरलं तेव्हा आम्ही सगळ्याच जणी हातातलं खाली ठेवून ते बघायला वाकलो. माझे वेडेवाकडे चौकोन मधे मधे बसून गेले होते, दिसत नव्हते. मग किनार. पाच-पाच खांबांचे शिंपले, एकाला लागून एक, राणी रंगात. हाही रंग वहिनीचाच. मी तिला विचारलं, "मुलगा झाला तर?" ती म्हणाली, "त्याला काय कळतंय." आणि पोटावर हात ठेवून हसली. खाली घरात आई तिळगूळ वळत होती आणि वहिनीला काळ्या साडीत बघून "दृष्ट काढायला हवी" म्हणत होती. पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण कसं करायचं, हा विषय मात्र तिने एका शब्दानेही काढला नाही. तेही आधी बोलायचं नसे.

दोन बाजूंची किनार पुरी झाली होती आणि तिसरी अर्धी. जानेवारी संपत आला होता. एका सकाळी वहिनी आईला म्हणाली, "काल संध्याकाळपासून हललं नाही." आईने हातातलं पीठ तसंच ठेवून तिच्या पोटावर हात ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला आईचा चेहरा दिसत होता, आणि मला तेव्हाच कळलं. टॅक्सी आली, धुकं इतकं, की ती गेटपाशी पोहोचेपर्यंत दिसली नाही. त्याच दुपारी दवाखान्यात सगळं होऊन गेलं. नाळेचा वेढा, डॉक्टर म्हणाले, कुणाच्या हातात नसतं. दादा आणि बाबा यमुनेकाठी जाऊन आले. दादा आला तो चपलांसकट आत आला आणि पलंगावर बसून राहिला. आईच त्याच्या पायांतून चपला काढायला वाकली.

वहिनी घरी आली आणि बोलायची थांबली. विचारलं तर हो-नाही एवढंच. दूध आलं होतं, आणि ते थांबवायला आई रोज तिच्या छातीला फडकं घट्ट बांधायची, शेक द्यायची, आणि बाळंतिणीला द्यायचं सगळं करून द्यायची, डिंकाचा लाडू, खसखशीची खीर. वहिनी खायची. रडायची नाही. मी शाळेत जायचे, यायचे, पुस्तक उघडायचे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते, नाळ म्हणजे काय हे मला आकृती काढून दाखवता आलं असतं. पण मनात दुसरंच चालायचं. तीन खांब, एक साखळी, तीन खांब. प्रत्येक टाका मी मोजून घातला होता, हसत हसत, आईच्या पाठीमागे. मला खरोखर वाटत होतं, की मी ते बाळ मारलं. सतरा वर्षांच्या मुलीने इतके दिवस असं काही मनात धरून राहावं, आणि घरात कुणाला दिसू नये, याचं मला आता वाईट वाटतं. तेव्हा वाटायचं, दिसत नाही तेच बरं. वहिनीशी बोलायची तर सोयच नव्हती. तिच्या डोळ्यांना डोळा भिडला, की आम्ही दोघीही दुसरीकडे बघायचो.

फरीदाबादहून बाबांच्या चुलतभावाची बायको भेटायला आली, आम्ही तिला काकू म्हणायचो. वाईट बाई नव्हती. येताना वहिनीसाठी संत्री आणली होती. पण बसल्यावर इकडच्या तिकडच्या गोष्टी करून आवाज खाली आणून तिने आईला विचारलं, "वहिनी, आधी काही शिवलं-बिवलं नव्हतं ना? आजकालच्या मुली करतात हो हौसेने."

आई ताठ बसली. "छे. आमच्याकडे रीतच नाही," म्हणाली. "आमच्या घरात एक टाका पडला नव्हता."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पलंगावर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिलाही तेच वाटत होतं, जे मला वाटत होतं. ते बघून मला जास्त भीती वाटली.

चार-पाच दिवसांनी सेठी आंटींनी मला जिन्यात थांबवलं आणि पिशवी हातात दिली. "ले जा, बेटा. मुझसे देखा नहीं जाता," म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी मला जवळ घेतलं, आणि मी त्यांच्या शालीच्या वासात उभी राहून एकच विचार करत होते, की ही पिशवी घरात कुठे लपवू. हॉलमधल्या दिवाणाच्या पोटात, गाद्यांच्या खाली, ती दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी आई भाजी आणायला खाली उतरली. वहिनी आतल्या खोलीत झोपली होती, निदान मला तसं वाटलं. मी पिशवी काढली आणि जमिनीवर बसून उसवायला घेतलं. दिल्लीत सगळं उसवतात, मनाशी म्हटलं. उसवून लोकर झाली, की ते काही झालंच नव्हतं असं होईल.

किनार सहज निघाली. शेवटचा फास मोकळा करून ओढलं, की एकेक शिंपला सुटत जातो. अडीच बाजू बघता बघता माझ्या मांडीवर राणी रंगाचा गुंता होऊन पडल्या. चौकोन मात्र सुटेनात. प्रत्येक रंग संपताना आम्ही गाठ मारून शेवट आत ओवला होता, आंटींनी तसं शिकवलं होतं, पोराच्या हाताने ओढलं तरी निघू नये म्हणून. मी नखाने उकरलं, दाताने ओढलं. मग शिवणाच्या डब्यातली कात्री आणली. पहिला चौकोन कापला तो माझाच होता. दुसऱ्याला हात घातला तेव्हा दारात आई उभी होती, हातात भाजीची पिशवी घेऊन. ती पाकीट विसरली म्हणून परत आली होती.

"काय कापतेस?" तिने विचारलं. मग तिला ते पांघरूण दिसलं, त्याचं माप दिसलं. मोठ्या माणसाचं ते नव्हतं.

मी सगळं सांगितलं. एका दमात, वर न बघता. दिवाळीपासून करतेय, आंटींच्या नातीसाठी नव्हतंच, तुला खोटं सांगितलं. "माझ्यामुळे झालं," असंही म्हणाले. आणि मग आणखी एक खोटं घातलं, "वहिनीला काही माहीत नव्हतं."

आतल्या पलंगाचा आवाज झाला. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. केस सुटलेले, पायांत दादाचे मोजे. "माहीत होतं मला, आई," ती म्हणाली. "त्यातले नऊ माझे आहेत. रंग मी निवडलेत. तिने सोडलं असतं, मीच सोडू दिलं नाही. मंजूला काही म्हणू नका. जे झालं असेल ते माझ्या..."

"बस," आई म्हणाली.

आम्हा दोघींना वाटलं, आता सुरू होईल. पण ती वहिनीला बसायला सांगत होती. वहिनी माझ्या शेजारी खाली बसली. आईने भाजीची पिशवी भिंतीला टेकवली, ती स्वतःही खाली बसली आणि माझ्या हातातली कात्री काढून मागे सरकवली. पांघरूण तिने मांडीवर घेतलं. उलटं करून पाहिलं, हातकाम जाणणाऱ्या बायका मागची बाजू बघतात तसं. कापलेल्या चौकोनाच्या कडा बोटांनी एकत्र धरून ठेवल्या.

"दिलीपच्या आधी मला एक मुलगी झाली होती," ती म्हणाली.

दिलीप म्हणजे दादा. मी सतरा वर्षं या माणसांत राहत होते आणि हे मला माहीत नव्हतं. दादालाही माहीत नव्हतं, हे मागाहून कळलं.

"दोन दिवस होती. आमच्या सासूबाईंचं फार कडक. मी साधी सुईसुद्धा ओवली नव्हती नऊ महिने. कुणी काही आणलं तर घरात येऊ दिलं नाही. एक टाका घातला नव्हता गं मी, शैला." आता ती वहिनीकडे बघत होती. "तरी गेली."

आई पुढे म्हणाली, "तिच्या अंगावर दवाखान्याचं फडकं होतं. नेताना ते परत द्यायचं होतं. घरात तिच्या मापाचं काही नव्हतंच. मग सासूबाईंनी स्वतःचं नेसूचं लुगडं फाडलं. त्या फाडताना रडत होत्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही."

मी विचारलं. आज मला लाज वाटते त्या स्वराची, जाब विचारल्यासारखा होता. "मग तू आम्हाला का नाही करू देत?"

"भीती वाटते म्हणून," आई म्हणाली. "काही न करता गेली, तर केल्यावर काय होईल, असं वाटतं. दुसरं काही नाही. तुझ्या काकूसमोर मी एवढं ठासून सांगितलं ना, ते तिला नव्हतं सांगितलं. स्वतःलाच सांगत होते."

खालून भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती. आईने ते पांघरूण वहिनीच्या गुडघ्यांवर पसरलं, किनार उसवलेलं, मधे एक चौकोन भोक पडलेला. ते तिच्या गुडघ्यांनाही पुरं पडत नव्हतं. वहिनीने त्यावर दोन्ही हात ठेवले.

"तुमच्या मुलीचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

"बारशापर्यंत राहिली कुठे ती."

"मनात असेल ना तुमच्या."

आई पांघरुणाची उसवलेली कड सरळ करत राहिली. वहिनी म्हणाली, "माझ्या मनात होतं. मी त्याच नावाने हाक मारायचे त्याला, दुपारी, कुणी नसताना."

"काय?" आईने विचारलं.

वहिनीने सांगितलं. आईने ते नाव एकदा मोठ्याने घेतलं, घरातल्या माणसाचं घ्यावं तसं. मग तिने तिच्या मुलीचं सांगितलं. ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही, ती त्या दोघींची आहेत. वहिनी रडायला लागली, बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच, तोंडावर पांघरूण धरून, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी गुंता झालेली लोकर गोळा करत होते. थोड्या वेळाने वर पाहिलं, तर आई रडत होती आणि वहिनीचा हात तिच्या पाठीवर होता.